माया सोडा, मग कापा: पाच आभल्यांचा पहिला बटवा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझी सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डापुढे गेली. लोखंडाचे भाग कागदावर काढायचे, प्रत्येक मापाखाली किती चूक चालेल ते लिहायचं. माप चुकलं की तुकडा भंगारात. निवृत्तीनंतर बायकोच्या पायमशीनवर पहिल्यांदा बसलो तेव्हा हीच सवय घेऊन बसलो. एक पिशवी कापली, बारा इंच म्हणजे बरोबर बारा इंच. शिवून झाली तेव्हा ती अकराची भरली आणि दांडिया बाजारातल्या आत्याने ती हातात घेऊन विचारलं, "अरे, माया सोडली नाहीस?"

शिवणीच्या आत दडणाऱ्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

आत्या आता शहाऐंशीची आहे. तिच्या रुखवतातलं भरलेलं तोरण अजून वाड्याच्या माजघराच्या दारावर आहे. माझी गुरू तीच. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरोबर ते बरंचसं तिचं आहे, चुकलेलं सगळं मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

पहिल्या कामासाठी मी बटवाच सुचवतो. रुमाल सोपा, पण त्यात शिवण शिकायला मिळत नाही. ब्लाउज म्हणजे अंगाचं माप आणि मुंढा, म्हणजे पहिल्याच दिवशी डोकं उठणार. बटव्यात कापणं, भरणं, आभले (आरशाच्या छोट्या टिकल्या) बसवणं, अस्तर लावणं, नेफा (नाडी ओवायची जागा) घालणं, सगळं येतं आणि बिघडला तरी त्यात सुपारी राहते. तयार बटवा १८ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच होईल. रोज संध्याकाळी एक तास दिलात तर दहा-बारा दिवसांचं काम.

सामान

बडोद्यात हे सगळं न्यायमंदिराजवळच्या मंगळ बाजारात आणि आसपासच्या गल्ल्यांत मिळतं. नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस तिकडे फिरकू नका. चणियाचोळीच्या, म्हणजे गरब्याच्या पोशाखाच्या, गर्दीत दुकानदाराला तुमच्या अर्ध्या मीटरकडे बघायला वेळ नसतो. आणखी एक, पुरुषांसाठी. मी पहिल्यांदा दोऱ्याच्या लड्या मागितल्या तेव्हा "बेनने मोकलो ने, रंग एमने खबर पडे" (बाईंना पाठवा ना, रंगांचं त्यांना कळतं) असं ऐकून घ्यावं लागलं होतं. आता तोच दुकानदार नवीन रंग आला की मला दाखवतो.

बाहेरच्या बाजूसाठी अर्धा मीटर जाडसर सुती कापड घ्या. खादी किंवा केसमेंट चालेल. मांजरपाटही चालतो, फक्त त्यातली खळ धुवून काढावी लागते. पॉलिस्टर नको, ते सुईखालून सरकतं. अस्तराला जुनं धोतर किंवा विटलेली सुती साडी उत्तम, तिचं आटायचं ते आटून झालेलं असतं.

भरतकामाच्या दोऱ्याची लडी सहा पदरी असते आणि तिच्यात साधारण ८ मीटर दोरा असतो. तीन रंग पुरेत. पांढऱ्या किंवा मोतिया कापडावर पहिल्याच खेपेला गर्द लाल घेऊ नका, कारण पुढे येईल. आभले गोल, १५ मिमी व्यासाचे, पाच लागतील, पण दहा घ्या. काचेचे घ्या. प्लॅस्टिकचे हलके असतात, पण त्यांच्यावर लवकर ओरखडे येतात आणि गरम इस्त्री लागली की वाकतात.

कापड ताणून धरायची रिंग १८ सेंमीची, म्हणजे दुकानाच्या भाषेत सात इंची, लाकडी. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळून घ्या, कापड घसरत नाही.

सुयांच्या नंबरात माझा पुरता गोंधळ झाला होता. हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचं नेमकं उलट, नंबर मोठा तितकी सुई जाड. आम्हा लोखंडवाल्यांना तारेच्या गेजची सवय असते, तिथेही नंबर वाढला की तार बारीक होते, म्हणून हातसुई मला लगेच पटली आणि मशीनच्या सुईने दगा दिला. तीन पदरी दोऱ्याला लांबट नाकाची भरतकामाची ७ नंबर सुई घ्या. मशीनला अशा कापडासाठी १४ नंबर.

याशिवाय फक्त कापडासाठी राखलेली कात्री. आमच्या घरी तिला लाल रिबन बांधलेली आहे, कारण एकदा मी तिने पॉलिश पेपर कापला होता आणि त्यानंतर दोन दिवस घरात शांतता होती.

आधी पाणी

कापड आणल्याबरोबर कापायचं नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी धुवून सावलीत वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा. नवं सुती कापड मीटरमागे दोन-तीन सेंटीमीटर सहज आटतं. शिवल्यानंतर बाहेरचं कापड आटलं आणि जुन्या साडीचं अस्तर आटलं नाही, तर अस्तर आत गोळा होऊन बसतं.

दोऱ्याचा रंगही आत्ताच तपासा. लडीचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग उमटला तर तो दोरा फिक्या कापडावर वापरायचा नाही. मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. मीही बुडवला होता. नंतर मोतिया खादीवर डाळिंबी फुलाभोवती गुलाबी धुकं पसरलं. असं झालंच तर कापड वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच नको, उष्णतेने डाग बसतो. थंड पाण्याच्या धारेखाली धरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धरून ठेवा. माझं धुकं अर्ध्या तासात तीन चतुर्थांश गेलं. उरलेल्या भागावर मी पानं भरली.

कापणं, आणि लोखंड व कापड यांतला फरक

कापडाला उभा दोरा असतो, तो किनारीला समांतर जातो आणि जवळजवळ ताणला जात नाही. आडवा थोडा देतो. तिरक्यात, म्हणजे उरेबात, कापड रबरासारखं वागतं. बटव्याची उंची उभ्या दोऱ्यात धरा, नाहीतर आतल्या सामानाच्या वजनाने तो महिन्याभरात लांबुडका होतो. सरळ कापण्यासाठी कडेचा एक आडवा दोरा सुईने उचलून हळूच ओढून काढा. कापडात एक बारीक रेघ मोकळी होते, तिच्यावरून कात्री चालवा. या रेघेइतकी सरळ रेघ मला कधी टी-स्क्वेअरने आली नाही.

तुकडे असे: मागची बाजू एक, २० × २७ सेंमी. अस्तराचे दोन, तेवढेच. पुढची बाजू मात्र आत्ता ३० × ३६ सेंमी कापायची.

इथे मी पहिल्यांदा अडखळलो. पुढची बाजूही २० × २७ का नाही? एक कारण म्हणजे रिंगमध्ये बसवायला भोवती कापड लागतं. दुसरं कारण मला टाके घातल्यावर कळलं. भरतकामाने कापड आक्रसतं. प्रत्येक टाका थोडंसं ओढतो आणि शंभर टाक्यांचं ओढणं मिळून तीन-चार मिलिमीटर जातात. माझी पहिली पुढची बाजू, मापात कापून मग भरलेली, मागच्या बाजूहून चार मिलिमीटर कमी भरली. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "लोखंड आहे का ते? आधी भर, मग काप." तेव्हापासून हाच नियम.

नक्षी उतरवणं

नक्षी १२ सेंमी व्यासाच्या वर्तुळात बसेल एवढीच काढा. मधोमध एक आभला, त्यापासून मध्यापासून मध्यापर्यंत ४ सेंमी अंतरावर चार दिशांना चार. मधल्यापासून चारींकडे वळणदार देठ, देठांच्या बाजूला पानं, मोकळ्या जागी ठिपके. पुढच्या तुकड्याची उभी-आडवी घडी घालून मध्य शोधा आणि नक्षीचा मध्य त्यावर ठेवा.

कागदावरची नक्षी खिडकीच्या काचेवर चिकटवा, वर कापड लावा, उजेडात रेघा दिसतात. टोकदार पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवा. गडद कापडाला पिवळा कार्बन. बाजारातले कारागीर वेगळं करतात. ट्रेसिंग पेपरवरच्या नक्षीला सुईने जवळजवळ भोकं पाडून खाका तयार करतात आणि त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेल्या पांढऱ्या भुकटीचं किंवा निळीचं फडकं फिरवतात. एका खाक्यातून कितीही छाप निघतात. घरी करून पाहिलं, छाप उत्तम आला, मात्र रॉकेलच्या वासापायी मला गच्चीवर जेवावं लागलं.

बॉलपेन नको. इस्त्रीने पुसली जाणारी पेनंही मी जपूनच वापरतो, थंडीत त्यांच्या रेघा परत उमटलेल्या पाहिल्या आहेत.

टाके

दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, साधारण ४५ सेंमी. लांब घेतला तर पुन्हा ओवायचे कष्ट वाचतील असं वाटतं, पण दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासून जातो आणि शेवटी त्याचा कापूस होतो. सहातले तीन पदर हवेत म्हणून तिन्ही एकदम ओढू नका. एकेक पदर सरळ वर ओढून काढा, मग तिन्ही जुळवा.

गाठ मारून सुरुवात करू नका. मागच्या बाजूला तीनेक सेंमी शेपूट सोडा आणि काम संपलं की तिथल्याच टाक्यांखालून ती फिरवा. गाठी इस्त्रीत पुढे उमटतात. आत्या कोणाचंही भरतकाम आधी उलटं करून बघते, गाठ दिसली की पुन्हा सुलटं करत नाही.

देठांना देठ टाका. डावीकडून उजवीकडे जायचं, प्रत्येक टाका आधीच्या टाक्याच्या निम्म्यावर मागे येऊन वर निघतो. एकच पथ्य: दोरा कायम सुईच्या एकाच बाजूला, खाली तर खालीच. मध्येच बाजू बदलली की दोरखंडाचा पीळ तिथे तुटलेला दिसतो.

पानं आणि आभल्यांभोवतीची वर्तुळं साखळीने. सुई जिथून वर आली तिथेच पुन्हा खाली, पुढे टोक निघेल तिथे दोऱ्याचा फास सुईखाली. फास ओढायचा कितपत, हा सगळा प्रश्न. ओढून घेतलात तर साखळीची नुसती रेघ होते आणि कापड चुण्या धरतं. फास कापडावर पडून राहील इतकाच ओढा, कड्या गोल दिसल्या पाहिजेत. कच्छमधल्या मोची भरतात हीच साखळी सुईऐवजी आरीने, म्हणजे आकड्याने, काढतात आणि तिचा वेग पाहिला की आपण हा छंद का धरला असा प्रश्न पडतो.

ठिपक्यांना गाठीचा टाका. सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्या, डाव्या हाताने दोरा ताणून धरा आणि सुई निघाली त्याच भोकात नव्हे, एक-दोन दोऱ्यांच्या अंतराने बाजूला खाली घाला. त्याच भोकात घातलीत तर गाठ आरपार मागे निघून जाते. माझ्या पहिल्या वीस गाठींपैकी अकरा मागे गेल्या.

मांडीवर कापड ठेवून भरू नका. मी गाठीच्या टाक्यात इतका रंगलो की दारावरची बेल वाजल्यावर उठलो तेव्हा रिंग लेंग्याला लटकून बरोबर आली. सात टाके लेंग्यासकट घातले होते. टेबलाच्या कडेला रिंग टेकवा. उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून घ्या, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी दर पंचवीस मिनिटांनी सुरसागर तळ्यातल्या शंकराच्या उंच मूर्तीकडे दोन मिनिटं बघतो. गच्चीतून दिसतो म्हणून, नाहीतर लांबचं कोणतंही झाड चालेल.

आभला

आभला हा शब्द अभ्रकावरून आला. पूर्वी या जागी अभ्रकाच्या चकत्या बसवत. पारंपरिक आभल्याची काच खेडा जिल्ह्यातल्या कपडवंजला बनते: काचेचा मोठा पातळ फुगा फुंकायचा, त्याला आतून पारा चढवल्यासारखा चकचकीत थर द्यायचा आणि मग फोडून तुकडे कापायचे. म्हणून त्या आभल्याला किंचित फुगीरपणा असतो आणि गरब्यात तो वळल्यावर उजेड फेकतो. सपाट आरशाच्या चकत्या तितक्या लखलखत नाहीत.

आभल्याला भोक नसतं. त्याला धरून ठेवतो तो दोऱ्याचा पिंजरा.

पहिलं काम कोणी सांगत नाही, ते मी माझ्या धंद्यातून आणलं. कापलेल्या काचेची कड धारदार असते आणि ती दोरा कापते. लोखंडाच्या तुकड्याची बर, म्हणजे कापताना उरलेली धार, काढतो तशी हिचीही काढा: बारीक पॉलिश पेपर ओला करून त्यावर आभल्याची कड गोल फिरवा, सहा-सात वेढे. चष्मा लावून करा आणि भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. माझ्या पहिल्या बटव्याचा एक आभला नवरात्राच्या तिसऱ्या रात्री गरबा खेळताना निसटला. दोरे तपासले तर ब्लेडने कापल्यासारखे होते.

आता पिंजरा. आभला जागेवर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबा. तीन पदरी दोरा त्याच्या कडेला अगदी लगत वर काढा आणि समोरच्या कडेला खाली घाला. असा एक उभा दोरा आभल्याच्या डाव्या तिसऱ्या भागावर, दुसरा उजव्या तिसऱ्या भागावर. मग दोन आडवे, पण आडवा दोरा नेताना प्रत्येक उभ्या दोऱ्याभोवती त्याला एक वेढा द्या. मध्यभागी चौकोनी खिडकी तयार होईल.

दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. दोरे तंबोऱ्याच्या तारेसारखे ताठ हवेत, आणि खिडकी लहान हवी. नवशिका आभला जास्त दिसावा म्हणून दोरे कडेला नेतो. पण पुढचे टाके हे दोरे बाहेरच्या दिशेला ओढणार असतात. कडेचा दोरा ओढला की तो आभल्यावरून घसरून बाहेर पडतो आणि आभला मोकळा. खिडकी सुरुवातीला लहान ठेवली तर ओढून ओढून ती योग्य मापाची होते. ही देखील मायाच, असं आत्याला म्हणालो तर ती नुसती हसली.

मग वेढणी. आभल्याच्या कडेला दोरा वर काढा. सुई खिडकीच्या दोऱ्यांखालून, मधून बाहेरच्या दिशेला घाला, फास सुईखाली ठेवून ओढा. लगेच कडेच्या कापडात एक छोटा टाका घ्या, पुन्हा फास सुईखाली. एकदा खिडकीत, एकदा कापडात. काज करतानाचा टाका ज्याला येतो त्याला हे दोन फेऱ्यांत जमतं. सगळीकडे सारखा ताण ठेवून गोल पुरा करा. डगमगत असेल तर आभल्याखाली डिंकाचा ठिपका लावायची काही जणांना सवय असते. मी लावत नाही. डिंक कापडाच्या सुलट बाजूला पिवळा पडलेला पाहिला आहे.

एका आभल्याला मला आता पंधरा मिनिटं लागतात. पहिल्याला दीड तास लागला होता. कंटाळा आला की मी बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्याचा विचार करतो. इथले राजे खंडेराव महाराज यांनी तो १८६५च्या सुमारास करवून घेतला, त्यावर बसऱ्याचे अंदाजे पंधरा लाख मोती शिवलेले आहेत आणि २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात तो जवळजवळ ५५ लाख डॉलरना गेला. किंमत राहू द्या. पंधरा लाख वेळा सुई खाली-वर झाली, हे महत्त्वाचं. आपले पाचच.

रिंगचं कडं बसवलेल्या आभल्यावर दाबू नका, फुटतो. १२ सेंमीची नक्षी सात इंची रिंगमध्ये पूर्ण बसते ती याचसाठी. रोज काम थांबवलं की रिंग काढून ठेवा, नाहीतर कड्याची गोल घडी जात नाही.

उसवणं

शिवण-भरतकामातला खरा आनंद मला इथे सापडला, म्हणून थोडं जास्त लिहितो. लोखंड कापलं की कापलं. इथे चूक परत काढता येते, अगदी सुरुवातीच्या रेघेपर्यंत.

मशीनची टीप उसवताना एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका टोकदार कात्रीने किंवा उसवायच्या आकड्याने कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, तो सलग निघून येतो. ब्लेडने भराभर उसवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या कापडाला पडलेली भोकंही पाहिली आहेत. भरतकाम मागून कापायचं आणि पुढून चिमट्याने ओढायचं. निघालेला दोरा परत वापरायचा नाही, तो केसाळ झालेला असतो. सुती कापडावर राहिलेली भोकं ओलसर बोटाने किंवा नखाने उभी-आडवी घासली की मिटतात. रेशमावर आणि रेक्झिनवर मिटत नाहीत, तिथे आधी विचार.

उसवताना चिडलेले असाल तर उसवू नका. कापड बाजूला ठेवून चहा घ्या.

शिवणं

भरून झाल्यावर पुढचा तुकडा धुवा आणि जाड टॉवेलवर पालथा ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. आता कापायची वेळ आली. नक्षीच्या मध्यापासून वर १५.५ सेंमी, खाली ११.५ सेंमी, डावीकडे-उजवीकडे १० सेंमी मोजा. मध्य मुद्दाम खाली ठेवला आहे, कारण वरच्या भागात नेफा येऊन तो चुण्यांत जातो. पहिल्यांदा मी नक्षी बरोबर मधोमध धरली आणि नाडी ओढल्यावर वरचा आभला बटव्याच्या मानेत अडकला.

माया सगळीकडे १ सेंमी. टाक्याची लांबी २.५ मिमी.

मशीनवर बसण्याआधी चिंधीवर टीप घालून पाहा. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली तर सगळे बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. दाबपट्टी वर उचलून तो पहिल्यापासून पुन्हा ओवा. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची दहा सेंमी शेपटं हातात धरा, चाक आपल्याकडेच फिरवा. तेल मशीनचंच घाला. एका डिसेंबरात घरातलं तेल संपलं होतं म्हणून मी खोबरेल घातलं. सकाळी ते गोठलं आणि चाक हलेना. शेवटी ते हेअर ड्रायरने वितळवावं लागलं.

आता क्रम.

पुढचा तुकडा आणि अस्तराचा एक तुकडा, सुलट बाजू समोरासमोर, वरच्या कडेवर टीप. मागचा तुकडा आणि दुसरं अस्तर, तसंच. दोन लांब पट्टे तयार होतील. शिवणी इस्त्रीने उघडा.

दोन्ही पट्टे सुलट बाजू समोरासमोर ठेवा, कापड कापडावर, अस्तर अस्तरावर. मधल्या शिवणी बरोबर जुळवून टाचण्या लावा. आता चारी बाजूंनी टीप, पण दोन ठिकाणी मोकळं सोडायचं. अस्तराच्या तळाला ८ सेंमी, उलटवायला. आणि बाहेरच्या कापडाच्या दोन्ही बाजूंना, मधल्या शिवणीपासून ३ सेंमी टीप घालून झाली की पुढची १.५ सेंमी जागा सोडायची, ती नाडीची वाट. प्रत्येक सोडलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना मागे-पुढे टीप घालून पक्कं करा.

एका बटव्यात मी ही वाट अस्तराच्या बाजूला सोडली. नाडी आतून बाहेर येईना. त्यातच उलटवायची जागाही विसरलो होतो, म्हणजे सगळं शिवून एक बंद उशी तयार झाली. ती उसवायला चाळीस मिनिटं लागली, वर सांगितल्याप्रमाणे चहासकट.

नक्षी शिवणीपासून दोन-तीन सेंमी आत आहे, तरी टीप घालताना आभले कुठे आहेत ते हाताने चाचपून घ्या. सुई काचेवर आपटली की तिचं टोक उडतं. माझ्या चष्म्याच्या काचेवर त्याचा ओरखडा आहे.

कोपऱ्यांची माया तिरकी छाटा, टीप कापू नका. तळाच्या जागेतून सगळं सुलटं बाहेर काढा, कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने. जागा हाताने हेम घालून बंद करा आणि अस्तर आत ढकला. तोंडाच्या कडेला इस्त्री करा. मग तोंडापासून ३ सेंमीवर एक आणि ४.५ सेंमीवर दुसरी गोल टीप घाला. या दोघींमध्ये नेफा तयार होतो आणि बाजूच्या मोकळ्या जागा बरोबर त्यात उघडतात.

प्रत्येकी ६५ सेंमीच्या दोन नाड्या घ्या. पहिली डावीकडून घालून पूर्ण गोल फिरवून डावीकडूनच बाहेर, दुसरी उजवीकडून तशीच. टोकाला सेफ्टी पिन लावली की ओवायला सोपं. दोन्ही बाजूंना ओढलं की तोंड मिटतं. एकाच नाडीने मिटतं, पण ते एका बाजूला लोळतं.

धुणं, आणि सुया

बटवा हाताने धुवा, पिळू नका. आभल्यावरून इस्त्री नको, टॉवेलवर पालथा ठेवून आभल्यांच्या आजूबाजूनेच फिरवा. निसटलेला आभला पुन्हा बसवता यावा म्हणून वापरलेल्या रंगांचे वीतभर दोरे आणि एक जादा आभला कागदात गुंडाळून आतच ठेवा. गेल्या नवरात्रात सुनेला त्याचा गरब्याच्या मैदानातच उपयोग झाला.

उठण्याआधी सुया मोजा. मी तीनच काढतो आणि तीनच परत पिनकुशनला टोचतो. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक टेबलाच्या खणात ठेवला आहे, जमिनीवर पडलेली सुई त्याला लगेच येऊन चिकटते. काल रात्री मोजल्या तर दोनच भरल्या. चुंबक सगळीकडे फिरवला, अगदी सोफ्याच्या फटींतूनही. नातू दुपारी शाळेतून येईल, तोवर सोफ्यावर उलटी खुर्ची ठेवून दिली आहे.